नत्थूजीची भेंडी कुवेतले चालली

आमच्या तांडापेठेवरून आभाळात इमान गेलं का पोरं ओरडत, "इमान, इमान!" आन् त्या पोराईच्या मांगं आमचे शेजारी नत्थूजी बी घरातून धावत येत. अर्ध्या दाढीले साबन, हातात वस्तारा, खांद्यावर पंचा. मान वर करून इमान दिसेनासं होईपर्यंत उभे राहत, आन् मंग असा लांब सुस्कारा टाकून म्हनत, "गेलं. रिकामंच गेलं."

मी तवा नवीन नवरी होती. मले वाटलं, त्यायचं कोनी त्या इमानात बसून येनार असन आन् आलं नसन. बिचारे रोज वाट पाहतेत. मी सासूले हळूच इचारलं तं सासू म्हने, "कोनी येत नाई वं त्याचं. त्याले वाटते का त्यात भेंडी भरून पाठवाले पायजे."

मी भेलीच. आधीच मी भेकड. पाल चुकचुकली तरी माहा जीव खालीवर होते. खाप्याहून लगन होऊन नागपूरले आली तं पयले सहा मयने मी रस्ता एकटीनं ओलांडला नाई. आन् भिंतीले भिंत लागून असा मानूस, ज्याले इमानात भेंडी भराची हाय! मी दाराची कडी दिवसाढवळ्या लावून ठेवो.

पन नत्थूजी येडे नोते. हे समजाले मले दोन वर्स लागले.

नागपूरले कॉटन मार्केट म्हनतेत त्याले, पन तिथी कापूस कुठीच दिसत नाई, सारी भाजीच. त्या मार्केटात नत्थूजी मापारी होते. मापारी म्हंजे काटा धरनारा. शेतकऱ्याचा माल आला का काट्यावर टाकाचा, वजन ओरडून सांगाचं, पुढचा माल टाकाचा. माल त्यायचा नाई, पैसा बी त्यायचा नाई. पन तीस वर्स काटा धरून धरून त्यायच्या डोस्क्यात एक गोष्ट पक्की बसली होती. सकाऊन जे भेंडी हिरवीगार येते तिले सारे हात लावतेत. दुपारच्याले ऊन तापलं का तिचा भाव उतरते. आन् संध्याकाळच्याले तेच भेंडी गाईपुढी टाकतेत.

"आन् तिकडं?" नत्थूजी हात लांब करून दाखवत. आमच्या तिकडं गल्लीचा नळ होता, पन त्यायच्या डोळ्यापुढी कुवेत राहे. "तिकडं वं सूनबाई, नुसती वाळू. शेख लोकाईच्या घरी तेलच तेल, आन् तेलात टाकाले भेंडी नाई! सोन्याच्या ताटात का वाळू वाढतीन?"

मी डोक्यावरचा पदर सावरून म्हनो, "हव मामाजी." आमच्याकडं सासऱ्याच्या वयाच्या मानसाले मामाजीच म्हनाचं. मले काय कळे. मी चौथीत शाळा सोडली. कुवेत वर्ध्याच्या अलीकडं हाय का पलीकडं, हे बी मले ठाऊक नोतं.

"काटोलचा संत्रा कलकत्त्याले जाते, दिल्लीले जाते. भेंडीनं कोनाचं काय घोडं मारलं?" मंग बोटावर मोजत. शेतातला भाव इतका, पेटी इतक्याची, रेल्वेचं भाडं, इमानाचं भाडं, तिथचा भाव. दाही बोटं संपली का टाळी वाजवत. "हिशेब बसते!"

आमचे हे तवा मिलमधी जात. त्यायले नत्थूजीची मजा घ्याची लय हौस. ते ओट्यावर बिडी पेटवून हळूच म्हनत, "बरोबर हाय नत्थूजी. पन सडली तं?"

बस. नत्थूजी उठून घरात जात. अर्धा तास बोटं मोजत. मंग दाराच्या फळीच्या आडून ओरडत, "सहा पेट्यातली एक सडकीत धरली! एक सोडून देल्ली! तरी बसते!"

"आन् दोन सडल्या तं?"

फळीआड पुन्हा मोजनं सुरू. माही सासू म्हने, "काहून छळतं रे त्याले, त्याची भाजी करपते चुलीवर."

बायको त्यायची लगनानंतर दोन वर्सातच गेली होती म्हनतेत, लेकरू नाई, दुसरं लगन केलं नाई. सयपाक हातानंच करत. आन् सयपाक म्हंजे भेंडीच. कारन जे भेंडी इंचात बसत नसे, ते खाऊन संपवा लागे.

हां, इंचाचं सांगाचंच राहिलं. नत्थूजीच्या सदऱ्याच्या खिशात शाळेच्या पोराची लाकडी फूटपट्टी राहे, अर्धी मोडलेली. आमच्या गल्लीत सकूबाई टोपली घेऊन भाजी इकाले येई. दुसऱ्या बाया भेंडी घेतांना शेंडा मोडून पाहत, नत्थूजी पट्टी लावत. एकेक भेंडी. सकूबाईचं डोस्कं फिरे.

"काहून गा नत्थूजी, भेंडी घ्याची हाय का तिले झंपर शिवाचं हाय?"

"ही पाय सकूबाई, साडेपाच इंच. लोकल. ही साडेतीन. ही एक्सपोर्ट."

"एकाच झाडाच्या हायेत बापा दोनी!"

"मानसं बी एकाच मायच्या पोटचे राहतेत."

"घ्याची तं घे, नाई तं ते पट्टी घेऊन शाळेत मास्तर हो."

आन् सकूबाईनं टोपलीवर पानी शिंपडाले हात उचलला का नत्थूजी तिचा हातच धरत. "पानी नको मारू! पानी मारलं का माल मेला. पेटीत गेला का सडला." सकूबाई म्हने, "माह्या टोपलीतून कोनत्या पेटीत चालला तो? समोरच्या बाईच्या कढईत चालला." पन नत्थूजीचं ध्यान कढईत नसे.

हे लोकल आन् एक्सपोर्ट त्यायच्या तोंडात इतकं बसलं होतं का मानसाईले बी तेच लावत. नवीन पोस्टमन आला, "लोकल हाय." गल्लीतला हलवाई, "आधी एक्सपोर्ट होता, आता लोकल झाला." एकदा समोरच्या घरी पोरगी पाहाले पाहुने आले. मोठा मानूस म्हून नत्थूजीले बसवलं. पोरगा छान, गोरापान, टेरिलिनचा शर्ट. सारे खूश. नत्थूजीनं त्याले वरून खाली पायलं आन् भर बैठकीत म्हनलं, "देखना हाय. पन टिकाऊ नाई. तिसऱ्या दिवशी मऊ पडन." पोराचा काका उठूनच उभा राहिला. कसंबसं लोकाईनं समजावलं. लगन झालं, संसार चांगला हाय, पन तो पोरगा बायकोपुढी आजवर आवाज काढत नाई. नत्थूजी म्हनत, "मी काय म्हनलं होतं?"

उन्हाळ्यात तं कहरच. नागपूरचा मे मयना म्हंजे भिंती बी तापतेत, तव्यासारख्या. नत्थूजीनं घरच्या एकुलत्या एक खिडकीले वाळ्याची ताटी लावली, तिच्यावर पानी मारत, घर कसं थंडगार. आन् त्या थंड घरात कोन झोपे? भेंडीची पेटी. नत्थूजी सोता बाहेर आंगनात, कडूनिंबाखाली खाट टाकून, गरम हवा खात. पेटीत भेंडी किती दिवस टिकते ते पाहाचं होतं त्यायले. रोज झाकन उघडाचं, वास घ्याचा, आन् कोळशानं भिंतीवर लिहाचं. दिवस पयला, बरी. दिवस दुसरा, बरी. दिवस तिसरा, देठ काळा. माही सासू म्हने, "दवाखान्यात खाटेले असाच कागद टांगून राहते."

एकदा पाचव्या दिवशी बी चार भेंड्या हिरव्या राहिल्या तं साऱ्या गल्लीले बोलावलं पाहाले. आम्ही रांगेनं गेलो, पेटीत वाकून पायलं. सकूबाई वाकली, नाकाले पदर लावला आन् म्हने, "मयत कवा उचलाची हाय?" नत्थूजी दोन दिवस तिच्याशी बोलले नाई.

मी नत्थूजीले येडे म्हनो मनातल्या मनात, ते कवा सोडलं सांगतो. माही बेबी झाली तवा. पोरगी झाली म्हून सासूचं तोंड इतकंसं झालं होतं. आमच्या यायनं बी पाहून न पायल्यासारखं केलं. मी बाजेवर पडून रडो. पाचवीच्या दिवशी नत्थूजी दारात आले, आत नाई आले, उंबऱ्यातूनच वाकून पायलं. बेबीची मूठ उघडली होती. म्हने, "अरे बापा, बोटं पाय! कवळी भेंडी! एक्सपोर्ट हाय वं सूनबाई, अस्सल एक्सपोर्ट!" इतक्या जोरानं म्हनलं का साऱ्या गल्लीनं आयकलं. सासू हासली. मंग तिनं बी पोरीचं बोट हातात घेऊन पायलं. त्या दिवसापासून मी दाराची कडी लावनं बंद केलं.

बेबी दीड वर्साची असन, तवा ते झालं.

मार्केटात एक अडत्या होता, शेतकऱ्याचा माल इकून देनारा. त्याची बंबईत एक पार्टी होती, ते पार्टी कुवेतले माल धाडे. त्या वक्ताले आखाती देशात पैसा वाहून राहिला होता, आपल्याकडचे लोक तिथी कामाले जाऊन राहिले होते. पार्टीले बारीक भेंडी पायजे होती आन् कुठी भेटत नोती. अडत्यानं वीस वर्स नत्थूजीची टिंगल केली, पन त्या दिवशी त्यालेच बोलावलं. म्हने, सहा पेट्या भर. नमुना. पास झाला तं दर हप्त्याले चाळीस पेट्या, आन् भराचं काम तुह्याच गल्लीत.

त्या दिवशी नत्थूजी मार्केटातून घरी आले ते सायकल हातात धरून, पायी. इतक्या लांबून. सायकलवर बसाचंच इसरले.

सरळ माह्या दारात आले. "सूनबाई, तुह्या हाताचं काम हाय."

"माह्या?"

"भेंडीले नख लागलं का काळी पडते. बाकीच्या बायाईचे हात पायले मी, भाकरी थापल्यावानी भेंडी धरतेत. तू कोष्ट्याची पोरगी. धागा तुटू देत नाई, तं देठ काय तोडशीन."

सासूनं मजुरी इचारली, मंग हव म्हनलं. आन् खरं सांगू का, मले लय बरं वाटलं. माह्या हातात काही हाय असं कोनी म्हनलंच नोतं आजवर. भेंडी बी माह्याच माहेरची, खाप्याची, नदीकाठच्या वाडीतली. नत्थूजी सोता जाऊन झाडं पाहून आले होते.

त्यायनं मले तीन गोष्टी पाठ करून घेतल्या, बाराखडीसारख्या. पान नको, माती नको, पानी नको. "फॉरेनचा साहेब पान पाहून भेते," म्हने, "पानासंगं किडा येते असं त्याचं म्हननं हाय. म्हन."

"पान नको, माती नको, पानी नको."

"पुन्हा म्हन."

पयल्या गाडीनं भेंडी आली. आम्ही आंगनात धुतलेलं धोतर अंथरून बसलो, मी आन् आनखी दोघी. नत्थूजी पट्टी घेऊन मधात. एकेक भेंडी, लेकराचं बोट धरावं तशी धराची, पुसाची, मोजाची, पेटीत निजवाची. पेट्या त्यायनंच बनवल्या होत्या, बसक्या, बाजूनं भोकं पाडलेल्या, म्हने भेंडीले श्वास लागते. अकरा वाजेपर्यंत सहा पेट्या भरल्या. काय दिसत होत्या! एकीसारखी एक, हिरव्या, जशा शाळेच्या पोरी रांगेत. सारी गल्ली पाहाले आली. सकूबाई बी आली. टोपली खाली ठेवून म्हने, "माय वं! काय चकाकून राहिली! मी जनमात अशी भेंडी पायली नाई."

चांगल्याच मनानं म्हनलं तिनं. पन मले नजरेचं भेव वाटलं.

कारन मयनाभर आधी माही बेबी गोवरात पडली होती. त्याच्या आदल्याच दिवशी कोनीतरी म्हनलं होतं, काय गोरी पोरगी हाय. पोरगी तापानं लाल, डोळे उघडेना, मी रात रात बसून. कडूनिंबाचा पाला तिच्या उशाखाली, पायथ्याशी, पाळन्याले, दाराले, आंघोळीच्या पान्यात. वाचली. डाक्टरनं वाचवली असन, पन मले इचाराल तं मी पाल्याचंच नाव घेईन.

आन् आता ह्या सहा पेट्या चालल्या होत्या, इतक्या लांब, समुद्रावरून, एकट्या. कोनी वळखीचं नाई. नत्थूजी हातपाय धुवाले गेले, बाकीच्या दोघी घरी गेल्या. मी उठली, आंगनातल्या निंबाच्या कवळ्या डहाळ्या तोडल्या आन् एकेक पेटीत कागदाखाली एकेक ठेवली. पान नको म्हनलं होतं, ते मले पाठ होतं. पन पान म्हंजे भेंडीचं पान, पालकाचं पान. कडूनिंब काय पान हाय? ते तं औषध.

मंग मी घरी गेली, पोरीले पाजाचं होतं. तासाभरानं नत्थूजीनं झाकनं ठोकली, रिक्षात पेट्या घातल्या, सोता मांगं सायकलवर, स्टेशनवर. आम्ही साऱ्या दारात उभ्या. लगनाची पोरगी निघाली का जसं गलबलते, तसं झालं.

तीन दिवस नत्थूजीचे पाय जमिनीवर नोते. इमान गेलं का बाहेर येत, आन् रिकामं गेलं म्हनत नसत. "हे बी भरलं असन," म्हनत. आमच्या यायनं सांगतलं, "नत्थूजी, कुवेतचं इमान बंबईहून उडते, हे तं रायपूरकडं चाललं." तं म्हने, "जाऊ दे ना, जिकडं जाते तिकडं. भरलं असन."

चौथ्या दिवशी अडत्याचा मुनीम स्कूटरवर गल्लीत आला. स्कूटर बंद न करताच ओरडला, "ओ नत्थू! माल रोकला!"

सारे बाहेर आले. मुनीम म्हने, "बंबईले तपासनीच्या साहेबानं पेट्या खोलल्या. एका पेटीत निंबाचा पाला निघाला. पेटी एक, पन सरकारी कागद साऱ्याईचा एकच. सहाच्या सहा अटकल्या. इमान निघून गेलं, भेंडी तिथंच सडली. शेठची इज्जत गेली पार्टीपुढी. कोनं टाकला पाला?"

मी बेबीले कडेवर घेऊन उभी होती. सासूनं माह्याकडं पायलं. तिले ठाऊक, मी गव्हाच्या कोठीत टाकतो, गादीखाली टाकतो. ती आता बोलन, आता बोलन. मले वाटलं, आज मले खाप्याच्या गाडीत बसवून देतीन, पोरीले ठेवून घेतीन. मी तोंड उघडलं. आईशपथ उघडलं. आवाजच निघाला नाई.

"मीच टाकला," नत्थूजी म्हनले.

"तू?" मुनीमानं स्कूटर बंद केली. "अरे तूच तं मार्केटात बोंबलत फिरते ना, पान नको माती नको!"

"किडा लागन वाटलं. म्हातारा झालो. दिमाग चालत नाई."

मुनीम मंग असा हासला का बस. त्याचं हासू पाहून पोरं हासले, बाया हासल्या, सकूबाई बी पदरात हासली. मुनीम म्हने, "शेठनं सांगतलं हाय, तू काटाच धर. तुले तेच जमते." आन् स्कूटर उडवून गेला.

नत्थूजी आत गेले. दार लावलं.

मंग आठ दिवस काय सांगू. मार्केटात लोक म्हनत, "नत्थूजी, निंबाच्या काड्या धाडता का कुवेतले, दात घासाले?" इमान आलं का पोरंच ओरडत, "रिकामं गेलं, नत्थूजी, रिकामं गेलं!" नत्थूजी बाहेर येत नसत. आमचे हे बी आता सडली तं म्हनून इचारत नसत. सकूबाईनं दोनदा त्यायच्या दारात टोपली टेकवली, "पट्टी लावा ना गा," म्हने, तं आतूनच म्हनले, "दे कोनती बी पावभर."

आन् एक गोष्ट मले आतून टोचून राहिली होती. मुनीम म्हने, एका पेटीत पाला निघाला. मी तं सहाईत टाकला होता. माह्या हातानं, मोजून. मंग पाच पेट्यातला गेला कुठी?

नवव्या दिवशी दुपारच्याले सासू कीर्तनाले गेली. मी बेबीले घेतलं आन् गेली. नत्थूजी खाटेवर बसून काट्याची साखळी पुसून राहिले होते.

मी उंबऱ्यातूनच म्हनलं, "मामाजी, तो पाला मी टाकला होता."

"माईत हाय."

"सहाई पेट्यात टाकला होता."

"ते बी माईत हाय. हातपाय धुवून आलो तं तू डहाळ्या ठेवून राहिली होती. मी आडोशालेच थांबलो."

मले काही समजेना. "मंग?"

"तू गेल्यावर कागद उचलले. एकेकीतून काढला. पाच पेट्यातला काढला."

"आन् सहावी?"

नत्थूजी साखळी पुसत राहिले.

"काढाले हात घातला होता वं. मंग म्हटलं..." ते थांबले. "वीस वर्स झाले, मी ह्या भेंडीचं बोलतो. लोक आयकतेत, हासतेत, घरी जातेत. त्यायचा राग नाई मले. पन तिले नजर लागू नये, ती नीट जावी, असं आजवर कोनाले वाटलं नाई. तू आपल्या लेकराच्या उशाखाली ठेवते तसा ठेवला. तो साराच्या सारा उपटून फेकाचा म्हंजे... नाई काढवला मले. एक राहू देला."

"पन तुमाले ठाऊक होतं ना मामाजी, साहेब भेते म्हून."

"ठाऊक नसन? म्हटलं, एक पेटी तं सडकीत धरलीच हाय. हे समजाचं का तेच सडली. पाच बसतेत हिशेबात." मंग ते हासले, आठ दिवसात पयल्यांदा. "एकीपाई साहेब सहाच्या सहा धरन, हे माह्या हिशेबात नोतं वं सूनबाई. तीस वर्सं काटा धरला, इतकं वजन चुकलं नोतं कधी."

मी रडालेच लागली. मले पाहून बेबी बी रडाले लागली. नत्थूजी घाबरून उठले, "अवं चूप, चूप, सारी गल्ली म्हनन नत्थूनं सुनेले रडवलं." मी म्हनलं, मी साऱ्याईले सांगतो, मुनीमाले बी सांगतो. तं म्हने, "खबरदार. मले तं सारे येडा म्हनतेतच. तुले कायले म्हनवून घ्याचं हाय? लेकराची माय तू."

मी डोळे पुसून निघाली तं मांगून म्हनले, "सूनबाई. ते डहाळी ठेवतांना तू तोंडातल्या तोंडात काही म्हनून राहिली होती. प्रत्येक पेटीले. काय म्हनत होती?"

मले लाज वाटली. "काही नाई मामाजी."

"सांग ना."

"नीट जाजो बापा, नीट पोचजो. असंच."

"भेंडीले?"

"हव."

नत्थूजीनं साखळी खाली ठेवली. मी गुपचूप घरी आली.

पुढी कोनी त्यायले दुसऱ्यांदा पेट्या भराले सांगतलं नाई. पन दुसऱ्या दिवशी सकाऊन मी सडा टाकून राहिली होती, नत्थूजी मार्केटात जाले निघाले. रोज सरळ जात. त्या दिवशी सायकल माह्या दारापुढी उभी केली. घंटी वाजवून पायली. खोकलले. सीट पुसली. चाक दाबून पायलं, चांगलं होतं. पुन्हा खोकलले. मी पाहून राहिली, त्यायले काय पायजे असन. मंग एकदम समजलं मले. मी पदर डोक्यावर घेतला आन् म्हनलं, "नीट जाजा, मामाजी."

"हव वं, जातो," म्हनले आन् टांग मारून निघाले.

आता आम्ही तांडापेठ सोडली. बेबी दुसरीत जाते, लहानगा मांडीवर हाय. पन तिथी होतो तोवर माहं नीट जाजा म्हननं एक दिवस बी चुकलं नाई. एकदा मी बेबीले आंघोळ घालून राहिली होती, डोळ्यात साबन गेला, ती किंचाळून राहिली होती, मले बाहेर जाता येईना. तिचं डोस्कं धुवून, ओल्या हातानं धावत दारात आली तं नत्थूजी पंप घेऊन बसले होते. मांगच्या चाकात तिसऱ्यांदा हवा भरून राहिले होते. चाक दगडासारखं झालं होतं.